जॉबची वंशावळ

आयटीआयमधल्या सुतारकामाच्या शेडमध्ये गेलं, की भिंतीवर ओळीनं टांगलेले लाकडाचे तुकडे दिसतात. वीत-दीड वीत लांबीच्या दोन पट्ट्या, एकमेकींत बसवलेल्या. हाफ लॅप, टी लॅप, ब्रायडल, मॉर्टाइज-टेनन आणि शेवटी डव्हटेल. शेडच्या भाषेत यांना ‘जॉब’ म्हणतात. मुलगा किती शिकला हे त्याचे किती जॉब झाले यावरून ठरतं.

यातला एकही जॉब कशाच्या उपयोगाचा नाही. तो खुर्चीचा कोपरा नाही, खिडकीच्या चौकटीचा तुकडा नाही. तो कशाचाच भाग नाही. तरीही तो करताना मुलाचा घाम निघतो.

मॉर्टाइज-टेननच घ्या, म्हणजे खाच आणि कुसू. पट्टी आधी रंधून एका तोंडानं सपाट करायची, मग तिची एक कड त्या तोंडाशी काटकोनात आणायची. गुण्या लावून उजेडाकडे धरायची आणि फट दिसली की पुन्हा रंधा मारायचा. तोंडावर आणि कडेवर पेन्सिलीनं खूण करून ठेवायची, कारण पुढची सगळी मापं या दोनच बाजूंवरून घ्यायची असतात. तिसऱ्या बाजूवरून एखादी रेघ मारली गेली, तर जोडल्यावर सगळं काम पिळतं. मग खतकशीचे काटे लाकडाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके उघडायचे आणि ते माप न हलवता दोन्ही पट्ट्यांवर आखणी करायची. पटाशीही त्याच रुंदीची घ्यायची. खाच अर्धी वरून आणि अर्धी खालून खोदायची. एकाच बाजूनं आरपार गेलं तर पलीकडचं लाकूड ढलपीसकट उडतं. कुसू कापताना करवत रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूनं चालवायची. कापून झाल्यावर रेघ लाकडावर उरली पाहिजे. नवा मुलगा हमखास रेघ खातो आणि कुसू सैल होतो. सांधा हाताच्या दाबानं बसला पाहिजे. निदेशक तो खिडकीकडे धरून बघतो आणि सांध्यातून उजेड आला की गुण कापतो.

गुण मिळाले की जॉबचं काम संपलं. चांगला असेल तर तो भिंतीवर जातो, नाहीतर भंगारात.

वस्तू जीव लावून करायची, पण ती वापरायची नाही, ही कल्पना सुतारकामात आली कुठून? कारण हजारो वर्षं जगातला कुठलाच सुतार असा शिकलेला नाही.

आपल्या गावगाड्यातला सुतार थोरल्या कासेचा बलुतेदार. नांगर, कुळव, तिफण, जू, गाडी ही त्याची कामं. त्याबद्दल सुगीला धान्याचं बलुतं मिळायचं. त्याच्या मुलाला कुणी मुद्दाम शिकवायला बसत नसे. बापानं आखणीचं सूत ओढलं की दुसरं टोक धरायचं, बाभळीचा ओंडका पायानं दाबून धरायचा, वाकसानं ढोबळ तासून द्यायचं. गाडीच्या चाकाचं काम निघालं तर आधी नुसतं बघायचं. तुंब्यात आरे कसे बसतात, आऱ्यांवर पाटे कसे चढतात, मग लोहार धाव लाल करून आणतो, ती चाकावर चढवून पाणी ओततात आणि लोखंड आवळलं की सगळे सांधे करकचून एक होतात. आऱ्याचं भोक तिरकं गेलेलं असेल, तर ते त्या क्षणी कळायचं आणि सगळ्या गावासमोर कळायचं.

म्हणून मुलाच्या हाती आऱ्याचं भोक यायला वर्षं लागत. लाकूड शेतकऱ्याचं, अब्रू बापाची. चुकायला जागाच नव्हती. शिवाय कामं येत ती हंगामाप्रमाणं, सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमानं नव्हेत. मिरगाच्या आधी औतं दुरुस्त करायची गर्दी, लग्नसराईत पाट आणि चौरंग. ज्या वर्षी गावात नवी गाडी कुणी केलीच नाही, त्या वर्षी चाक शिकायचं राहून गेलं. या शिक्षणाचे गोडवे गाणारे लेख भरपूर निघतात. त्यात एक गोष्ट सहसा येत नाही. या शाळेला दार एकच होतं आणि ते जन्माचं होतं. महार-मांगाच्या पोरानं रंधा हाती धरायचा प्रश्नच नव्हता.

मुंबईच्या गोदीतही मूळ पद्धत हीच, फक्त पसारा मोठा. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं लवजी नसरवानजी वाडियांना सुरतेहून मुंबईला आणलं. ते जहाजाचे सुतार होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना, माणेकजी आणि बमनजींना, गोदीत साधे सुतार म्हणून महिना १२ रुपयांवर कामाला लावलं. मुकादमाच्या मुलांनाही वाकसापासूनच सुरुवात. या घराण्यानं पुढं शंभरावर वर्षं ब्रिटिश नौदलासाठी आणि कंपनीसाठी मलबारच्या सागाची जहाजं बांधली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगतंय. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, तेही मुंबईच्याच गोदीतलं.

पण वाफेचं इंजिन आलं आणि घरातलं शिक्षण तोकडं पडलं. १८३८ मध्ये याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले. चॅटहॅमच्या सरकारी गोदीत राहिले आणि त्या मुक्कामावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. ते १८४१ मध्ये छापलं गेलं. सुतारकीच्या घरातला मुलगा शिकायला घराबाहेर पडतो, याचं आपल्याकडचं हे फार जुनं नोंदलेलं उदाहरण. तेही गेले गोदीतच, शाळेत नाही. कारण तेव्हा इंग्लंडातही सुतारकामाची शाळा नव्हती.

इंग्लंडात शिकाऊपणाची मुदत कायद्यानं बांधलेली होती. १५६३ च्या कायद्याप्रमाणं उस्तादाकडे सात वर्षं काढल्याशिवाय धंदा करता येत नसे. कारखान्यांच्या रेट्यापुढं ती अट १८१४ मध्ये निघाली. जर्मन मुलखात शिकाऊ मुलाला शेवटी एक नग स्वतः आखून, स्वतः करून दाखवावा लागे. सुतार-कॅबिनेटमेकरचा मुलगा आजही तिथं परीक्षेला एखादं छोटं कपाट, टेबल किंवा पेटी करतो. ती परीक्षेची वस्तू असली तरी घरात ठेवण्याजोगी असते. थोडक्यात, १८६० पर्यंत जगभर सुतार खऱ्या वस्तूवरच शिकत होता. कुठं बापाखाली, कुठं उस्तादाखाली, एवढाच फरक.

जॉबचा जन्म झाला मॉस्कोत.

तिथल्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी काढलेली एक हस्तव्यवसायाची शाळा वाढत वाढत १८६८ मध्ये ‘इम्पीरियल टेक्निकल स्कूल’ झाली. आजचं बाउमन विद्यापीठ ते हेच. तिचे संचालक व्हिक्टर डेला-व्होस यांच्यासमोर अडचण होती ती सुतार घडवण्याची नव्हती. त्यांना इंजिनिअर घडवायचे होते. पण उद्या कारखाना चालवणाऱ्या माणसाला रंधा, कानस, घण यांची ओळख तर हवीच. मुलांना सरळ कारखान्यात उभं करावं, तर कारागिराला शिकवायला फुरसत नाही आणि ऑर्डरचा माल बिघडायची भीती. एका कारागिराजवळ एक मुलगा, या हिशेबानं वर्षं गेली असती.

डेला-व्होस आणि त्यांच्या कार्यशाळेचे प्रमुख दिमित्री सोव्हेत्किन यांनी शिकायची कार्यशाळा आणि मालाची कार्यशाळा वेगळी केली. मग प्रत्येक धंद्यातली काम करायची रीत तिच्या सुट्या भागांत मोडली. सुतारकी म्हणजे काय? रंधणं, कापणं, खोदणं, जोडणं. जोडण्याचे प्रकार किती? त्यांची सोप्याकडून अवघडाकडे मांडणी केली. प्रत्येक पायरीला एक नमुना आणि त्याचं कागदावर मापात काढलेलं चित्र. मुलगा आधी चित्र वाचणार, मग तो तुकडा करणार. तो जमल्याशिवाय पुढचा मिळणार नाही. प्रत्येकाला स्वतःचं टेबल, स्वतःची हत्यारं. एक शिक्षक आता एका वेळी बऱ्याच मुलांना शिकवू शकत होता, कारण सगळे तेच करत होते. गवयानं चिजेला हात घालण्याआधी पलटे घोटावेत, तसं हे होतं, आणि पलटे मैफलीत कोणी गात नाही. ते तुकडेही कुणी विकणार नव्हतं.

म्हणजे जॉब सुतारांसाठी जन्मला नाही. ज्यांना सुतार व्हायचंच नव्हतं अशा मुलांसाठी तो जन्मला. ही विसंगती मला या सगळ्या हकीकतीतली सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ तिच्यातच आहे.

मॉस्कोच्या या नमुन्यांच्या मांडण्या प्रदर्शनांतून फिरू लागल्या. १८७३ ला व्हिएन्ना, १८७६ ला फिलाडेल्फिया. तिथं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी त्या पाहिल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्याकडे तशा पद्धतीचं यांत्रिक कलांचं स्कूल काढायचं ठरवून टाकलं. सेंट लुईसला कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी १८८० मध्ये मॅन्युअल ट्रेनिंगची शाळाच उघडली. तिथल्या मुलांनाही सुतार व्हायचं नव्हतं. पुस्तकाबरोबर हातही चालावा, एवढाच हेतू. अमेरिकेतल्या कामगार संघटनांना मात्र हे प्रकरण पहिल्यापासून संशयास्पद वाटलं. शिकाऊपण टाळून अर्धवट कारागीर स्वस्तात तयार करायची ही युक्ती आहे, अशी त्यांची शंका. ती अगदी चूक होती असं म्हणवत नाही.

मॉस्कोला उत्तर आलं स्वीडनमधून. गोथेनबर्गजवळच्या नेस नावाच्या इस्टेटीत ऑटो सालोमन यांनी १८७२ मध्ये शाळा काढली. इस्टेट त्यांच्या मामाची, पैसाही मामाचा. त्याआधी फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहानं १८६६ मध्ये खेड्यातल्या शाळांत मुलग्यांना हातकाम सक्तीचं झालं होतं. या हातकामाला ‘स्लॉइड’ म्हणत. सालोमन यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याचा उपयोग नाही असा सांधा मुलाकडून करवून घेऊ नका. करा ती वस्तू पुरी करा आणि घरी न्या. त्यांचीही नमुन्यांची मालिका होती, तीही सोप्याकडून अवघडाकडे जाणारी, पण तिच्यात कुंडीतल्या रोपाला टेकू द्यायची काठी होती, लाकडी चमचा होता, कपडे अडकवायचा हँगर होता. पहिलं हत्यार करवत नव्हे, सुरी. कारण खेड्यातल्या पोराच्या हाताला सुरी आधीच ओळखीची. जगभरातले शिक्षक, बायाही, उन्हाळ्यात नेसला येऊन स्लॉइड शिकून जात. पण सालोमन यांनाही सुतार घडवायचे नव्हते. त्यांना नीट वागणारा, हात आणि डोकं एकत्र चालवणारा माणूस हवा होता. शिकवणारा शिक्षक असावा, कारागीर नको, असा त्यांचा आग्रह असे. सुतारकामाच्या शाळेत सुताराला बंदी, हे ऐकायला विचित्र आहे. पण मॉस्को आणि नेस, या दोन्ही घराण्यांत सुताराची गरज कुणालाच नव्हती.

हिंदुस्थानात इंग्रजांनी सुरुवात केली ती तिसऱ्याच टोकाकडून, चित्रकलेकडून. मुंबईचं सर ज. जी. कला विद्यालय, म्हणजे जे. जे., १८५७ चं. तिथं १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग शिल्प शिकवायला आले आणि दहा वर्षांनी लाहोरला नव्या मेयो स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख म्हणून गेले. लाहोरातली सुतारकामाची एक जुनी शाळा मेयोत मिसळून गेली. तिच्यातला गुरदासपूरकडचा एक सुताराचा मुलगा किपलिंग यांच्या हाताखाली आला. त्याचं नाव राम सिंग. त्याला लाकूड येतच होतं. शाळेनं त्याला आराखडा काढायला शिकवलं. १८९१ च्या सुमारास तो इंग्लंडला जाऊन व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार हॉल उभा करत होता, आणि १९१० मध्ये तो मेयो स्कूलचा पहिला हिंदी प्रिन्सिपॉल झाला. आपल्याकडच्या सुतारशिक्षणातली सगळ्यात उंच उडी बहुधा हीच. पण नीट पाहिलं तर ती बापाकडचा हात आणि शाळेतला कागद यांच्या बेरजेतून आलेली आहे. दोन्हींपैकी एकावर ती साधली नसती.

मुंबईत जे. जे.ला जोडून १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स निघाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव त्यांना दिलेलं. तिथं लाकडावरचं कोरीवकामही होतं. त्या काळी मुंबईचं शिसवी फर्निचर साहेबाच्या घरी मिरवत असे, इतकं कोरलेलं की बसणाऱ्याच्या पाठीला टोचावं. कला विद्यालयांचा सगळा जीव या नक्षीत होता. खुर्चीचा सांधा किती वर्षं टिकेल, हा प्रश्न तिथं कुणी फारसा विचारला नाही.

तो विचारला गेला बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. गज्जर स्वतः सुरतेच्या सुतार घराण्यातले आणि शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ. कारागिराला शिकवायचं तर त्याच्या भाषेत, ही त्यांची अट. म्हणून कलाभवनात गुजराती-मराठीतून शिकवत आणि तशी पुस्तकंही तयार करून घेतली गेली. दादासाहेब फाळके जे. जे.नंतर तिथंच शिकले. मुंबईत १८८७ ला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभं राहिलं. पण तिथं मन होतं गिरण्यांच्या यंत्रांत. सुतारकाम एका कोपऱ्यात, साच्यांच्या लाकडी पॅटर्नपुरतं.

या काळात सुतारकी शिकवण्याचं साधं, रोजचं काम केलं ते जिल्ह्याच्या गावांतल्या इंडस्ट्रियल स्कूलांनी आणि मिशनऱ्यांनी. नगरला अमेरिकन मराठी मिशनची, सर दिनशॉ पेटिट यांचं नाव लावलेली औद्योगिक शाळा होती. मिशनच्या शाळांत येणारी बरीच मुलं दलित जातींतून ख्रिस्ती झालेल्या घरांतली. त्यांच्या बापानं कधी पटाशी हाती धरलेली नव्हती. अशा मुलाला शिकवायचं तर पायरीपायरीनं, तुकड्यातुकड्यानंच शिकवावं लागणार. मॉस्कोत इंजिनिअरांसाठी निघालेली रीत इथं, ज्याला घरातून काहीच मिळालेलं नाही अशा पोराच्या उपयोगी पडली. जॉबवर तोंडसुख घेण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

गांधींनी मात्र सालोमन यांच्याही पुढं जाऊन प्रश्न विचारला. टॉल्स्टॉय फार्मवर त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख, जे वास्तुविशारद होते, सुतारकामाचा छोटा वर्ग घेत आणि फार्मला लागणारी बाकं-पेट्यांसारखी बरीच कामं तिथंच होत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीनं सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा आखला आणि त्यातल्या मूलोद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामही होतं. गांधींचं म्हणणं असं, की मुलानं केलेली वस्तू विकली गेली पाहिजे आणि तिच्या पैशावर शाळेचा खर्च निघाला पाहिजे. मुलांना राबवून घ्यायची ही योजना आहे, अशी टीका लगेच झाली. स्लॉइडशी या विचाराचं नातं नुसतं योगायोगाचं नव्हतं. शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा आधीच नेसला जाऊन स्लॉइड शिकून आले होते. पण वर्ध्याच्या आराखड्यावर निघालेल्या बुनियादी शाळांत टकळीनं सुतारकीला मागं टाकलं. कापूस स्वस्त, लाकूड महाग. चाळीस मुलांना चाळीस टकळ्या देता येतात, चाळीस रंधे देता येत नाहीत.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि वाद बाजूला पडला. सरकारला हजारोंनी फिटर, टर्नर, सुतार हवे होते आणि तेही काही महिन्यांत. १९४० मध्ये टेक्निकल ट्रेनिंग स्कीम सुरू झाली. ना सात वर्षांचा उस्ताद, ना नेसची कुंडीची काठी. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले जॉब, ठरलेली परीक्षा. घाईच्या वेळी मॉस्कोची पद्धतच चालणार होती, कारण तिच्यात माणूस नाही तर तुकडा तपासायचा असतो, आणि तुकडा कुणीही तपासू शकतो.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, आणि ही योजना त्याच खात्याची. अस्पृश्यांच्या तक्रारींवर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात तांत्रिक शिक्षणाची मागणी आहे. रेल्वेच्या वर्कशॉपांत आणि सरकारी छापखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून जागा द्या, असं त्यात म्हटलं आहे. गावगाड्यानं ज्या घरांना हत्यार दिलं नाही, त्यांना ते सरकारी शेडमध्ये मिळावं, हा त्यातला विचार. तो मला वर्ध्याच्या आराखड्याइतकाच मोलाचा वाटतो. शैक्षणिक चर्चांत त्याचा उल्लेख कमी होतो, एवढंच.

युद्ध संपताना, १९४५ मध्ये, सैन्यातून सुटलेल्या जवानांना काम लावून द्यायला पुनर्वसन आणि रोजगाराचं केंद्रीय संचालनालय निघालं. युद्धकाळची प्रशिक्षण केंद्रं आधी या जवानांच्या वाट्याला आली, मग फाळणीतल्या निर्वासितांच्या. त्यांतूनच १९५० मध्ये क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम आली, म्हणजे आपली आयटीआय. १९५६ मध्ये रोजचा कारभार राज्यांकडे आला, अभ्यासक्रम आणि परीक्षा केंद्राकडेच राहिल्या. १९६१ मध्ये अॅप्रेंटिसेस अॅक्ट आला. आयटीआयतून बाहेर पडलेल्या मुलानं काही काळ कारखान्यात खऱ्या कामावर शिकावं, ही त्यातली तरतूद. म्हणजे मॉस्कोनंतर इंग्लंड, एकाला जोडून दुसरं.

सुतारकामाच्या युनिटला वीस-चोवीस मुलं, एक निदेशक आणि वर्षभराची मुदत. आठवी पास मुलाला आजही तिथं प्रवेश मिळतो. यादीतलं नाव आता ‘वुड वर्क टेक्निशियन’ झालं आहे. जॉब जे शिकवतो ते तो उत्तम शिकवतो. ज्याचा बाप सुतार नाही, असा मुलगा वर्षात काटकोन धरायला शिकतो, चित्र वाचायला शिकतो. जे शिकवत नाही, तेही मोठं आहे. लाकूड निवडणं, त्यातला ओलावा ओळखणं, घनफुटाचा हिशेब, गिऱ्हाईक किती पैसे देईल आणि कुठं अडेल याचा अंदाज. हे थिअरीच्या तासाला येतं, हाताखाली येत नाही. त्यामुळं आयटीआयचा मुलगा स्वतःचं दुकान टाकायला घाबरतो आणि रेल्वेच्या किंवा गोदीच्या भरतीची वाट बघतो.

दरम्यान ज्या लाकडासाठी हे सांधे होते, तेच घरातून निघून गेलं. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आलं आणि हळूहळू सुताराच्या चुलीवरचं सरसाचं वास मारणारं भांडं उतरलं. मग प्लायवूड आलं, सनमायका आली. सागाच्या चौकटीला कुसू लागतो. प्लायला स्क्रू आणि गोंद पुरतो, आणि कडेला पट्टी चिकटवली की झालं. मॉड्युलर किचनच्या कारखान्यात ३२ मिलिमीटरच्या अंतरानं मशीन भोकं पाडत जातं. डव्हटेल तिथं कुणी मागत नाही.

आणि मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये जे कपाट बसतं, ते करणारे मिस्त्री बहुतेक राजस्थानचे आणि उत्तर प्रदेशचे. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी आयटीआयची पायरी चढली असेल. त्यांच्याबरोबर गावाकडून एखादा पोरगा येतो. तो आधी लादी पुसतो, चहा आणतो, मग प्लायचं दुसरं टोक धरतो. पुढं एके दिवशी त्याच्या हाती राउटर मशीन येतं. चुकलं तर सनमायकाची अख्खी शीट वाया जाते आणि शिव्या मिळतात. पुन्हा तीच जुनी शाळा, फक्त गाव बदललं आणि बलुत्याच्या जागी रोजंदारी आली.

१७ सप्टेंबर २०२३ ला केंद्रानं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंदे, त्यांत सुतार आहेच. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. ही योजना जात विचारत नाही, पण कुटुंबात चालत आलेला धंदा आणि स्वतःचा रोजगार असलेल्या कारागिरासाठी ती आखलेली आहे. साइटवरचा तो पोरगा मजुरीवर आहे, म्हणून तो तिच्यात नीट बसत नाही. आयटीआयसाठी वर्षभर पगाराविना राहणं त्याला परवडत नाही. अॅप्रेंटिस कायद्यात शिकाऊ घ्यायची सक्ती तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर आहे, आणि त्याच्या कंत्राटदाराकडे असतात चार-पाच. त्याच्या शिकण्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. पुढच्या फ्लॅटचं काम लागलं की मिस्त्री त्याला घेऊन तिकडे जातो.